घाटाखालचें भोर

भोर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें सारें घाटमाथ्याचें असतें. नीरेचें पात्र, गांवांतील पंतसचिवांचा राजवाडा, दक्षिणेस रोहिडा व रायरेश्वराचें पठार, आणि वेल्ह्याच्या अंगास तोरणा व राजगड. या मुलखांतून स्वराज्याचा उगम झाला ही गोष्ट आपण शाळेंत शिकलों, पुढें आपल्या मुलांस शिकविली, आणि सुटीच्या दिवशीं त्यांस घेऊन एखादा गडही चढून आलों. इतकें झालें म्हणजे भोरचा इतिहास आपणांस कळला असें समजण्याची चाल आहे. परंतु ज्या संस्थानास भोर हें नांव होतें, त्याचा एक महत्त्वाचा भाग या चित्रांत मुळींच येत नाहीं. तो सह्याद्रीच्या पलीकडे, तळकोंकणांत, अंबा नदीच्या खोऱ्यांत होता. अष्टविनायकांपैकीं पालीचा बल्लाळेश्वर भोरच्या राज्यांत होता. पालीपासून कोसभर अंतरावर उन्हेरें येथें ऊन पाण्याचीं जीं कुंडें आहेत, तींही भोरचींच. आजचा यात्रेकरू पालीस दर्शन घेतो, उन्हेऱ्यास स्नान करतो आणि परत फिरतो. ही भूमि घाटमाथ्यावरील एका संस्थानाची होती हें त्यास कोणी सांगत नाहीं; आणि भोरच्या माणसासही आपली सीमा एके काळीं तेथवर पोंचली होती याची आठवण क्वचितच असते.

संस्थानचे तालुके पांच: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा व प्रचंडगड म्हणजे तोरणा. चार तालुक्यांस किल्ल्यांचीं नांवें आणि एकास नदीच्या खोऱ्याचें. यावरून हें राज्य कशाच्या आधारावर उभें होतें तें निराळें सांगावयास नको. एकंदर क्षेत्रफळ सुमारें ९२५ चौरस मैल. पहिले तीन तालुके मुख्यतः आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांच्या प्रदेशांत. पवनमावळ त्यांपासून तुटून दूर उत्तरेस, लोहगडाच्या पाठीमागें. आणि सुधागड तर डोंगराच्या खालीं. नकाशावर पाहिलें तर ओंजळींतून सांडलेल्या दाण्यांप्रमाणें हें राज्य विखुरलेलें दिसतें. अशा राज्यास ‘राज्य’ तरी कां म्हणावें असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्यानें विचारला, तर त्यास धोपटमार्गी पाठ्यपुस्तकांत उत्तर सांपडणार नाहीं.

माझ्या मतें त्याचें उत्तर मिळविण्याची सोपी रीत म्हणजे एक दिवस मोकळा काढून हे तुकडे ओळीनें पाहणें. आणि विचित्र वाटलें तरी तें आगगाडीनें पाहणें. भोरास आगगाडी कधींच आली नाहीं. तेथून पालीस जावयाचें तर वरंध घाटानें महाडकडे उतरावें, किंवा ताम्हिणीच्या वाटेनें खालीं जावें, हेंच कोणीही सांगेल. पण पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल दीड तासांत जो ६४ किलोमीटरांचा पल्ला काटते, तो जुन्या संस्थानाच्या उत्तरेकडील तुकड्याच्या अगदीं कडेनें जातो. पहांटेच्या एस. टी. नें भोर सोडावें, पुण्यास लोकल धरावी, लोणावळ्यास उतरून मोटारीनें घाट उतरावा, आणि खोपोलीहून पालीची गाडी पकडावी. दोन प्रहरांच्या आंत उन्हेऱ्यास पोंचतां येतें. मुंबईकरास याहून सोपें. त्यास कर्जतेहून खोपोलीची लोकल आहेच.

लोकल कामशेतच्या पुढें गेली कीं डाव्या हातास विसापूर व लोहगड दिसूं लागतात. डब्यांतील बहुतेकांचें लक्ष उजवीकडे, कार्ल्याच्या लेण्यांच्या डोंगराकडे असतें. लोहगडाच्या आड पवनेचें खोरें आहे, आणि त्यांत तुंग व तिकोना हे दोन किल्ले आहेत. हे पंतसचिवांकडे कसे आले ही कथा संस्थानाच्या आकाराचें निम्में रहस्य उलगडते. नारो शंकर सचिव दमाजी थोराताच्या हातीं सांपडला असतां बाळाजी विश्वनाथानें त्याची सुटका करविली. त्या उपकाराची फेड म्हणून सचिवाच्या मातुःश्रींनीं पुरंदर बाळाजीस दिला. पुढें इ. स. १७५० मध्यें नानासाहेब पेशव्यानें सचिवांकडून सिंहगड घेतला आणि मोबदला म्हणून तुंग व तिकोना दिले. म्हणजे पुण्याच्या उशापायथ्याचे दोन मोठे किल्ले एका पिढीच्या अंतरानें पेशव्यांकडे गेले, आणि सचिवांस मिळाले ते दूरच्या घाटवाटांचे राखणदार. हा सौदा सचिवांच्या तोट्याचा होता असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि प्रतिष्ठेच्या दृष्टीनें तो तसा होताही. परंतु तुंग-तिकोन्याखालचें खोरें हातीं आल्यानें बोरघाटाच्या दक्षिणेकडील कोंकणवाटांवर सचिवांची नजर राहिली, ही बाजू विचारांत घेतली पाहिजे. सिंहगडावरून पुण्यावर नजर ठेवतां येते, पण सिंहगडाखालून कोंकणांत उतरतां येत नाहीं.

बोरघाटाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. इंग्रजांनीं या घाटाचें नांव आपल्या ग्रंथांत ‘भोर घाट’ असें लिहिलें, आणि इंग्रजी वाचून मराठी बोलणाऱ्या आमच्या वर्गानें तेंच उचललें. भोर शहराचा व त्या घाटाचा कांहीं संबंध नाहीं. भोरचा घाट म्हणावयाचा तर तो वरंध. रेल्वेच्या इतिहासांतील ‘भोर घाट’ म्हणजे भोर संस्थानाचा पराक्रम असें मानणारे पदवीधर मला भेटलेले आहेत. त्यांची कींव करण्याऐवजीं आपण इतिहास कोणत्या भाषेंतून शिकतों याचाच विचार करावा हें बरें.

लोणावळ्याहून खोपोलीस गाडीरस्त्यानें उतरतांना दीडशें वर्षांपूर्वींच्या प्रवाशाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. बोरीबंदर ते ठाणें ही गाडी १८५३ मध्यें सुरू झाली. १८५६ मध्यें ती खोपोलीपर्यंत आली. जून १८५८ मध्यें खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले. मधला घाट तेवढा राहिला. तो एप्रिल १८६३ मध्यें पुरा होईपर्यंत जवळजवळ पांच वर्षें मुंबईचा प्रवासी खोपोलीस उतरे, पालखींत, तट्टावर किंवा गाडींत बसून घाट चढे आणि वर पुन्हां आगगाडींत बसे. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वीं माणसांनीं व जनावरांनीं विसांवा घ्यावा ही त्या तलावाची उपयुक्तता रेल्वेनें संपविली. तलाव मात्र शिल्लक आहे. घाट हा त्या काळीं केवळ रस्ता नव्हता, तो एक मुक्काम होता, हें अशा ठिकाणीं कळतें.

खोपोलीहून पालीपर्यंतचा रस्ता सह्याद्रीस डावीकडे ठेवून दक्षिणेस जातो. पालीच्या डोक्यावर सरसगडाचा उभा कातळ आहे आणि पूर्वेस, मुख्य रांगेस जवळजवळ चिकटून, सुधागड. सुधागडाचें मूळचें नांव भोरप. गडावर भोराई देवीचें देऊळ आहे, आणि पंतसचिवांचा चौसोपी वाडाही आहे. त्याच्या महादरवाजाची बांधणी रायगडच्या महादरवाजाची आठवण करून देते. गडाच्या आसपास, सह्याद्रीच्या पोटांत, ठाणाळें व खडसांबळें येथें बौद्ध लेणीं आहेत. त्यांचें वर्णन हेन्री कझिन्स यांनीं १८९१ मध्यें प्रसिद्ध केलें. लेणीं, किल्ला आणि घाटवाट हीं तिन्ही एकाच जागीं आढळतात हा योगायोग नव्हे. अंबा नदी पालीवरून नागोठण्यास जाते, आणि नागोठणें हें खाडीवरचें जुनें बंदर. तेथें उतरलेला माल सवाष्णी किंवा वाघजाई घाटानें तैलबैलाच्या पठारावर चढे. मीठ वर जावें, आणि वरचें धान्य खालीं यावें. या व्यवहाराची रखवाली करणारा किल्ला ज्याचा, त्याच्या हातीं जकात आणि युद्धकाळीं त्या वाटेवरची चढउतार.

या टापूंत सचिवपदाच्या इतिहासांतील एक भयंकर प्रसंग घडला आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव होते अण्णाजी दत्तो. महाराजांच्या निधनानंतर संभाजी महाराजांविरुद्ध जो कट झाला, त्यांत त्यांचें अंग होतें. इ. स. १६८१ मध्यें त्यांस, बाळाजी आवजी चिटणिसांस व इतरांस पाली-सुधागडच्या परिसरांत देहान्त शासन झालें. हत्तीच्या पायीं दिलें असें सांगतात. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर त्याच सुमारास दुर्गादास राठोडासह दक्षिणेंत येऊन सुधागडाच्या पायथ्याशीं धोंडसें येथें राहिला होता, आणि १३ नोव्हेंबर १६८१ रोजीं संभाजी महाराजांनीं जवळच्या पातशहापूर येथें त्याची भेट घेतली. दिल्लीच्या तख्ताचा हक्कदार, मराठ्यांचा छत्रपति आणि मृत्युदंड पावलेला सचिव हीं तीन नांवें एका वर्षांत एका लहानशा खोऱ्यांत एकत्र यावींत, आणि तें खोरें आमच्या सामान्य वाचकास गणपतीमुळेंच तेवढें ठाऊक असावें, याचें मला नवल वाटतें.

ज्या पदाच्या धन्याचा येथें असा शेवट झाला, त्याच पदाच्या वारसांकडे पुढें हें खोरें आलें. त्याचें श्रेय शंकराजी नारायण गांडेकर यांस. राजाराम महाराज जिंजीस असतां महाराष्ट्र सांभाळण्याचें काम रामचंद्रपंत अमात्यांबरोबर ज्यांनीं केलें, त्यांत शंकराजींचें नांव पहिल्या रांगेंत येतें. मोंगलांनीं घेतलेले मावळांतील किल्ले परत मिळविण्यांत त्यांचा हात मोठा होता. सचिवपद त्यांस याच कर्तृत्वामुळें मिळालें. १७०७ मध्यें शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले, तेव्हां ताराबाईंशीं इमान राखण्याची घेतलेली शपथ आणि थोरल्या पातीच्या धन्याचा हक्क यांच्या कचाट्यांत सांपडून त्यांनीं भोरजवळ अंबवडें येथें प्राणत्याग केला. शाहूंनीं त्यांच्या अल्पवयी पुत्रास सचिवपद कायम केलें. जो मनुष्य आयुष्यभर किल्ले राखण्याचें गणित करीत आला, त्यानें माथा आणि पायथा दोन्ही एकाच हातांत असावेत हें धोरण ठेवलें असल्यास नवल नाहीं. डोंगराचा माथा राखून पायथा दुसऱ्यास देणें म्हणजे घराचा दरवाजा राखून चौकट विकणें होय. संस्थानाचा नकाशा सांडलेल्या दाण्यांसारखा दिसतो खरा. पण घाटवाटांचा नकाशा त्यावर ठेवला तर दाणे ओळींत बसतात. राजगड-तोरण्यामागें मढेघाट, रोहिड्यामागें वरंध, पवनमावळाजवळ बोरघाटाच्या आजूबाजूच्या वाटा, सुधागडाशेजारीं सवाष्णी व वाघजाई.

आतां उन्हेऱ्याकडे वळूं. गांवाच्या नांवांतच त्याची ओळख आहे. संस्कृत ‘उष्ण’ याचें प्राकृत ‘उण्ह’ झालें व मराठींत त्याचें ‘ऊन’ उरलें. हा शब्द आपण आतां प्रायः सूर्याच्या तापास लावतों, तरी स्वयंपाकघरांत ‘ऊन ऊन भात’ अजून जिवंत आहे. ऊन पाण्याच्या झऱ्यांचीं गांवें या एका धातूवर किती वसलीं आहेत पाहा: रायगड जिल्ह्यांत उन्हेरें, दापोलीकडे उन्हवरें, खानदेशांत चोपड्याजवळ उनपदेव, किनवटाजवळ उनकेश्वर, आणि गुजरातेंत वांसद्याजवळ उनाई. एवढ्या दूर दूर अंतरावरील लोकांनीं एकमेकांस न विचारतां एकच नांव ठेवलें, याचा अर्थ हे झरे त्या शब्दाइतके जुने परिचयाचे आहेत. शिलालेख नसतील तेथें गांवाचें नांव हाच शिलालेख असतो.

कुंडांजवळ विठ्ठलाचें देऊळ आहे. पाण्यास गंधकाचा वास येतो. पहिल्यानें पाय घातला तर चटकन मागें घ्यावासा वाटतो, परंतु थोड्या वेळानें बाहेर निघवत नाहीं. सांधेदुखीचे व त्वचारोगाचे रोगी येथें श्रद्धेनें येतात. त्यांस गुण येतो कीं नाहीं याचा निवाडा वैद्यांनीं करावा. पाणी ऊन कां, याचें उत्तर मात्र भूगर्भशास्त्रानें दिलेलें आहे. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीपासून थेट राजापुरापर्यंत सह्याद्रि व समुद्र यांच्या मधल्या पट्टींत सुमारें १८ ठिकाणीं असे झरे आहेत, आणि ते बहुतेक एका ओळींत आहेत. पावसाचें पाणी काळ्या खडकाच्या खोल भेगांतून खालीं मुरतें. जमिनीच्या पोटांत एक किलोमीटर उतरलें कीं उष्णता साधारणतः २५ ते ३० अंशांनीं वाढते. तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें. येथें जागृत ज्वालामुखी कोणताही नाहीं. आमचा काळा खडक ज्या लाव्ह्याचा झाला, तो थंड होऊन कोट्यवधि वर्षें लोटलीं.

जपानांत याच्या उलट स्थिति आहे. तेथें ज्वालामुखी जागे आहेत आणि ऊन पाण्याचीं स्थळें तर असंख्य. शिकोकु बेटावर मात्सुयामा शहराजवळ दोगो म्हणून एक अतिप्राचीन स्थळ आहे. तेथील तीन मजली लाकडी स्नानगृह १८९४ मध्यें बांधलें गेलें, आणि दुसऱ्याच वर्षीं तेथवर छोटी आगगाडी आली. नात्सुमे सोसेकीच्या १९०६ मधील ‘बोच्चान’ या कादंबरीचा नायक, एक तरुण शिक्षक, गाडींत बसून स्नानास जातो तो याच स्थळावरून सुचलेल्या गांवीं. तेथें पाणी मुख्य ठरलें, त्याच्याभोंवतीं धर्मशाळा, दुकानें, आगगाडी व शेवटीं वाङ्मय गोळा झालें. आमच्याकडे देव मुख्य ठरला, आणि पाणी देवाच्या सेवेस राहिलें. वज्रेश्वरीस चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाची कथा सांगतात, पालीस वसईहून त्यांनीं आणलेली घंटा दाखवितात. पाण्याची कथा म्हणून कोणी सांगत नाहीं. यामुळें दोगोचा इतिहास लिहावयास एक केंद्र मिळालें, उन्हेऱ्याचा इतिहास देवस्थानाच्या माहात्म्यांत व संस्थानाच्या दप्तरांत विरून गेला.

तेथें सारेंच समतेचें होतें असा भ्रम नको. दोगोस १८९९ मध्यें राजकुटुंबाकरितां स्वतंत्र स्नानगृह बांधावें लागलें. पण आपण तुलनेस बसलों म्हणजे आपल्या पदरांतील गोष्टही झांकूं नये. भोरहून वरंध उतरलें कीं महाड लागतें, त्याच्याजवळ सावित्रीकांठीं सव येथेंही ऊन पाण्याचा झरा आहे. आणि त्याच महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्याचा हक्क बजावण्याकरितां हजारों माणसें घेऊन जावें लागलें. पाण्यास तीर्थ म्हटलें कीं त्याच्या पायरीवर कोणी उभें राहावें हा प्रश्न पाठोपाठ येतोच, आणि महाराष्ट्रांतील कोणत्याही जलाशयाचा इतिहास लिहिणारास तो टाळतां येणार नाहीं.

घाटावरचें भोर आपल्या स्मरणांत राहिलें आणि घाटाखालचें नाहींसें झालें, याचें एक कारण कागदपत्रांत आहे. रोहिडखोऱ्यांत देशमुख घराणीं नांदत होतीं व त्यांनीं कागद जपले. कारीच्या जेधे देशमुखांची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें उजेडांत आणली आणि शिवकालाच्या कालगणनेस नवा आधार मिळाला. त्यानंतर संशोधकांच्या नजरा साहजिकच त्या खोऱ्याकडे वळल्या. दुसरें कारण राज्यकारभाराचें. १८२० मध्यें इंग्रजांनीं सचिवांशीं करार केला. १८४८ नंतर सातारा खालसा झाल्यावर संस्थानचा संबंध थेट इंग्रज सरकाराशीं आला. आणि ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई इलाख्यांत विलीन झालें. विलीनीकरण योग्यच होतें, तेव्हांच्या प्रजेस तें हवेंच होतें. परंतु घाटावरचे तालुके पुणें जिल्ह्यांत गेले व सुधागड कुलाब्यांत, ज्याचें पुढें १९८१ मध्यें रायगड झालें. पुढचे सगळे गॅझेटियर जिल्ह्यावार, सगळीं प्रवासवर्णनें जिल्ह्यावार, शाळेंतील नकाशेही जिल्ह्यावार. पुण्याच्या पुस्तकांत पाली येण्याचें कारण उरलें नाहीं, आणि रायगडच्या पुस्तकांत भोर येण्याचें. सह्याद्रि हा वास्तविक दोन प्रदेशांस बांधणारा कणा. आपण त्याची सीमारेषा केली.

घाटाची ही बांधणी आजही थोडी उरलेली दिसते. वेल्ह्याच्या केळद गांवाजवळून मढेघाट कोंकणांत उतरतो. १६७० मध्यें सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटानें उमरठ्यास नेला अशी परंपरा आहे. पावसाळ्यांत तेथें धबधबा पाहावयास मोटारींची रांग लागते. त्या कड्यावर उभें राहून खालीं पाहणाऱ्यांस कोंकण हा एक देखावा वाटतो. वेल्ह्याच्या जुन्या पिढीस मात्र तो बाजार होता, सोयरीक होती, मिठाची वाट होती.

संस्थानच्या पांच तालुक्यांच्या नांवांचें पुढें काय झालें तें पाहण्याजोगें आहे. विचित्रगड व प्रचंडगड हीं नांवें कारभारांतून गेलीं, आणि किल्ले पुन्हां रोहिडा व तोरणा झाले. पवनमावळ बोलण्यांत राहिलें. राजगडाचें नांव पाऊणशें वर्षांनीं परत आलें. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ म्हणावें असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें घेतला. या सबंध काळांत एकच नांव न बदलतां सरकारी कागदावर टिकून राहिलें, आणि तें घाटाखालचें. पालीच्या कचेरीवर आजही ‘तालुका सुधागड’ असेंच लिहिलेलें असतें.